खाडकन वाजणारा ट्रक

संस्थानचा ट्रक थांबला, की खाडकन आवाज व्हायचा आणि आतल्या माणसाला पाठीत गुद्दा हाणावा तसा हिसका बसायचा. त्या दिवशी आत खुद्द बोरदेवचे महाराज होते. ट्रक बाजारात थांबला आणि महाराजांचं कपाळ काचेवर आपटलं!

"हुसेन, तुला ब्रेक दाबता येत नाही!" महाराज गरजले.

"सरकार, ब्रेक हळूच दाबला. दोष गाडीतच आहे. खोलून बघू द्या."

"खोलून? तुम्ही लोकांनी माझं घड्याळ खोललंत, ते अजून परातीत पडलंय! एकही नट सोडायचा नाही, कुणी गाडीखाली शिरायचं नाही. दिवस मावळायच्या आत गाडी नीट कर, नाहीतर उद्यापासून तबेल्यात लीद उचल!"

हुसेनचाचांचा चेहरा पडला. बारा वर्षं संस्थानची गाडी हाकलेला माणूस! समोर भात्यावर बसलेल्या येसू लोहारणीला ते बघवेना. पदर खोचून ती पुढं झाली.

"सरकार, मी बघते. वाटीभर चुना तेवढा द्या."

"चुना? गाडीला पान खिलवतेस की काय?"

"बोलती करते तिला, जी!"

आधी तिनं ट्रकमधली पोती उतरवली. चाचांनी ट्रक फिरवून थांबवला. खाडकन! म्हणजे पोती निर्दोष.

मग चारी चाकांपाशी, जिथं हिसके झेलणारी लोखंडी पाट्यांची कमान चाकांच्या आसावर बांधलेली असते, तिथं तिनं बाहेरूनच हात घालून कमानीवरून आसावर चुन्याची एकेक सरळ रेघ ओढली. चुना वाळला.

"चाचा, वडापर्यंत जाऊन या!"

ट्रक आला, थांबला. खाडकन! येसू रेघा बघत फिरली. तीन अखंड होत्या. चौथी मधोमध तुटून दोन तुकडे झालेली!

"हा घ्या चोर! ही कमान आसाला धरून ठेवणारी पकड ढिली झालीय. ब्रेक लागला की आस सरकतो आणि आदळतो."

महाराजांनी रेघ निरखली, पण हार मानतील तर ते महाराज कसले!

"दोष सापडला. पण एकही नट सोडायचा नाही, ही अट कायम आहे! आता दुरुस्त कशी करशील?"

महाराजांभोवती जमलेले मानकरी गालात हसले. येसूनं लांब दांड्याचा पाना उचलला.

"सोडायचा कशाला, सरकार? आवळायचाय!"

महाराज असे खदखदून हसले, की बाजारातली कबुतरं उडाली!

येसूनं बाहेरूनच नट आवळले. हुसेनचाचांनी ट्रक फिरवून महाराजांपुढं आणून उभा केला. हूं नाही की चूं नाही!

महाराजांनी चाचांना शेला पांघरला आणि मोटारखान्याच्या किल्ल्या येसूच्या ओंजळीत टाकल्या.