पौषाची मोहोर

एका गावात एकाच भिंतीला टेकून दोन घरं होती. अलीकडच्या घरात राहायचे धोंडशेट, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. पलीकडच्या घरात राहायचा केरबा, गुळाचा व्यापारी. दोघांची दुकानं बरी चालत, दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी. खरं सांगायचं तर धोंडशेटांचं केरबापेक्षा काकणभर जास्तच होतं. पण धोंडशेटांना आपल्या घरातलं कधी दिसायचंच नाही, सारखं आपलं पलीकडे लक्ष.

केरबाला एक नाद होता. तो जुन्या सोन्याच्या मोहरा जमवायचा. वर्षभर गल्ल्यातून थोडं थोडं बाजूला टाकायचं आणि दसऱ्याला एक मोहोर घ्यायची, असा त्याचा नेम. बायको कधी कुरकुरली तर म्हणायचा, "अगं, ही शिल्लकही आहे आणि करमणूकही. गरज पडली तर मोडता येते, नाही पडली तर बघत बसता येतं."

मोहरा कसल्या? तर फार पूर्वी त्या मुलखात एक हौशी राजा होऊन गेला. त्याने बारा महिन्यांच्या बारा तऱ्हेच्या मोहरा पाडल्या होत्या. चैत्राच्या मोहरेवर कडुनिंबाची डहाळी, श्रावणाच्या मोहरेवर नाग, कार्तिकाच्या मोहरेवर तुळस, अशी प्रत्येकीवर वेगळी खूण. केरबाने त्यातल्या अकरा मिळवल्या होत्या. राहिली होती फक्त पौषाची.

ती मिळणं कठीण होतं. पौषात कोणी लग्न काढत नाही, नवं काम धरत नाही. त्या महिन्याचं नाणं घरात नको म्हणून जुन्या लोकांनी पौषाच्या मोहरा आटवून टाकल्या होत्या. केरबाचा जीव मात्र नेमका तिच्यातच अडकलेला. का? तर पौष म्हणजे गुऱ्हाळांचे दिवस, आणि त्या मोहरेवर म्हणे ऊस होता! "माझ्या धंद्याची मोहोर आहे हो ती," असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा.

आता त्या गावची एक रीत होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रत्येक घर आपलं सोनं तबकात मांडायचं, दार सताड उघडं ठेवायचं आणि लोक घरोघरी जाऊन लाह्या-बत्तासे खायचे. धोंडशेटांच्या तबकात गोफ असायचा, कंबरपट्टा असायचा, बायकोच्या ठसठशीत पाटल्या असायच्या. लोक यायचे, "वा, छान" म्हणायचे, दोन बत्तासे तोंडात टाकायचे आणि लगबगीनं केरबाकडे पळायचे. तिथं हीऽ गर्दी! केरबा एकेक मोहोर उचलून तिची गोष्ट सांगायचा. कुठली कुठे मिळाली, कुठल्या मोहरेसाठी किती चपला झिजवल्या. माणसं हसायची, पोरं मांडीवर चढायची. भिंतीच्या अलीकडे धोंडशेट ते सगळं ऐकत बसायचे, आणि अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"माझ्या एका गोफात त्याच्या पाच मोहरा बसतील," ते बायकोला म्हणायचे. "तरी सगळं गाव तिकडे! काय जादू केलीय या गूळवाल्यानं?"

सुंदराबाई म्हणायची, "अहो, मग तुम्हीही जा की ऐकायला. मी जाते ना. मजा येते."

"तू जाऊ नकोस!"

"बरं बाई," म्हणायची आणि पदर सावरून जायचीच.

धोंडशेटांना दुसरं काही नको होतं. एकच इच्छा होती. एका दिवाळीला तरी लोकांनी पलीकडचं दार सोडून त्यांच्या दारात गर्दी करावी. त्या इच्छेनं त्यांची झोप उडाली होती, जेवण गोड लागत नव्हतं.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर गावात फिरता सराफ आला. जुनी नाणी घेऊन गावोगाव हिंडणारा म्हातारा माणूस. त्यानं केरबाची कडी वाजवली, पण केरबा गूळ विकायला परगावच्या पेठेत गेला होता आणि बायकोलाही बरोबर घेऊन गेला होता. धोंडशेट ओट्यावरच होते.

"काय काम होतं?" त्यांनी विचारलं.

"त्यांना एक निरोप द्याल का शेट?" सराफाचा चेहरा नुसता फुलला होता. "म्हणावं, पौष सापडली! किती वर्षं माझ्या मागं लागलाय तो माणूस. उद्या सकाळपर्यंत मी धर्मशाळेत आहे, तेवढं सांगा."

केरबा त्याच संध्याकाळी परतणार होता. निरोप सांगायला काय लागतं? भिंतीवरून हाक मारली तरी पुरे. पण धोंडशेटांच्या डोळ्यांपुढे पलीकडची दिवाळी उभी राहिली. बारावी मोहोर मिळालेला केरबा! मग तर तालुका लोटेल त्याच्या दारात. ते ओट्यावरून उठलेच.

"किंमत काय तिची?"

सराफानं सांगितलं. सोन्याच्या भावाच्या तिप्पट होती. वर म्हणाला, "पण ती त्यांच्यासाठी आहे. अकरा ज्याच्याकडे आहेत त्यालाच हा भाव परवडतो."

"मी चौपट देतो. आत्ता."

म्हातारा घुटमळला. पण चौपट ती चौपट. त्याच्याही घरी चूल होतीच की.

हातात रोकड तेवढी नव्हती आणि आपला गोफ मोडायला जीव होईना. धोंडशेट आत गेले आणि सुंदराबाईच्या पाटल्या मागू लागले. तिनं हात मागे घेतले. "माझ्या आईनं घातलेल्या आहेत त्या. कशाला हव्यात?"

"दुप्पट वजनाच्या करून देतो."

"मला ह्याच हव्यात."

"एका मोहरेसाठी हव्यात. पौषाच्या."

ती बघतच राहिली. "अहो, ती तर केरबाभावजींना हवीय!"

"म्हणूनच मला हवीय," धोंडशेट म्हणाले. मनातलं इतकं सरळ बाहेर पडलं की ते स्वतःच जरा चपापले. पण पाटल्या उतरल्या त्या उतरल्याच.

संध्याकाळी केरबा आला. कोणाकडून तरी त्याला कळलं की सराफ येऊन गेला. धावत धर्मशाळेत गेला, तर म्हातारा कधीच गाव सोडून गेलेला. खांदे पाडून परत आला आणि धोंडशेटांच्या ओट्यावर बसला. "काय नशीब बघा धोंडशेट! वर्षातून एकदा येतो आणि नेमका मी नाही. काही म्हणाला का हो तुम्हाला?"

"मला? छे! मी दुकानात होतो," धोंडशेट म्हणाले. आणि सुंदराबाईनं आणलेलं पाणी केरबापुढे सरकवताना त्यांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की असा आनंद त्यांना आपल्या लग्नातही झाला नव्हता. सुंदराबाई मात्र मान खाली घालून आत निघून गेली.

मोहोर त्यांनी जशी होती तशी, फडक्यात गुंडाळलेलीच, पेटीच्या तळाशी ठेवली. उघडून बघितलीसुद्धा नाही. बघायचं काय होतं? ती केरबाकडे नाही, एवढं पुरेसं होतं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आली. धोंडशेटांनी गोफ बाजूला सारला, कंबरपट्टा मागे टाकला आणि तबकाच्या मधोमध ती एकटी मोहोर ठेवली. भोवती झेंडूची फुलं. दारात स्वतः उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले, "या, या! बघा काय आलंय आमच्याकडे! पौषाची मोहोर! जी कोणाकडेही नाही!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. बघता बघता ओटा भरला, ओसरी भरली, लोक अंगणात उभे राहिले. पलीकडचं दार ओस पडलं. धोंडशेटांची छाती अशी फुगली की अंगरख्याचे बंद तटतटले.

एक पोरगी पुढे घुसली. तबकात डोकावून तिनं विचारलं, "धोंडूकाका, हिच्यावर काय काढलंय हो?"

धोंडशेट वाकले. त्यांनी मोहोर पहिल्यांदाच पाहिली. उभ्या उभ्या रेघा, वर दोन-चार पाती. "गवत आहे," ते म्हणाले.

सगळी ओसरी खदखदून हसली. "अहो शेट, ऊस आहे तो, ऊस! केरबा इतकी वर्षं सांगतोय!"

"ही कुठे सापडली, काका?"

"सराफानं आणली."

"त्याला कुठे मिळाली?"

"मला काय ठाऊक? त्याला विचारा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, केरबाला वाट द्या!"

गर्दी दुभंगली. केरबा आला. तबकाकडे त्यानं बघितलं. तो खाली बसला, धोतराला हात पुसले आणि मोहोर तळव्यावर घेतली.

"तीच आहे," तो पुटपुटला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे सराफ तुमच्याकडे आला होता, धोंडशेट."

धोंडशेट छताकडे बघू लागले.

केरबाला लागलं होतं, ते कोणालाही दिसत होतं. पण हातात ती मोहोर होती आणि ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते हातात आल्यावर माणूस किती वेळ गप्प राहणार? "ही पेरं मोज," तो शेजारच्या पोरीला म्हणाला. "आणि हे बघ, उसाच्या बुडाशी बारीक चूल दिसते ना? ते गुऱ्हाळ. त्या राजाला सुद्धा गुळाचा वास आवडत असणार बघ!" लोक पुढे सरकले. कोणी काही विचारलं, केरबानं सांगितलं, हशा पिकला. घर धोंडशेटांचं, मोहोर धोंडशेटांची, तेल-वात धोंडशेटांची, आणि गर्दी केरबाभोवती! धोंडशेटांना आपल्याच ओसरीत उभं राहायला जागा उरली नाही.

शेवटी केरबानं हात जोडले. "धोंडशेट, झालं ते झालं. एक मागतो. आजची रात्र हिला माझ्या अकरा जणींत ठेवू द्या. बाराही एकत्र पूजेला बसू द्यात. उद्या उजाडताच आणून देतो."

सुंदराबाई दारातून म्हणाली, "द्या हो."

सगळं गाव धोंडशेटांकडे बघत होतं. हो म्हणाले असते तर त्या रात्री दोन्ही दारांत गर्दी मावली नसती. पण जळणाऱ्या माणसाला ते कुठून सुचायचं?

"नाही," ते म्हणाले. "ज्याची मोहोर त्याच्या घरात." आणि त्यांनी ती केरबाच्या तळव्यावरून उचलून घेतली.

केरबा उठला. लोकही उठले. कोणी बत्तासा सुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशीही केरबानं आपलं तबक मांडलं, आणि मग ते उचललंच नाही. अकरा मोहरा ओळीनं ठेवल्या आणि पौषाच्या जागी उसाचं एक छोटं पेर ठेवलं. जो येईल त्याला अकरा गोष्टी सांगून झाल्या की तो म्हणायचा, "बारावी भिंतीपलीकडे आहे. जा, बघून या." हे तो भोळेपणानं करायचा की मुद्दाम, ते त्याचं त्यालाच ठाऊक!

झालं. धोंडशेटांची कडी वाजायला लागली. सकाळी, दुपारी, जेवताना. "केरबांनी पाठवलंय, बारावी बघायला आलोय." पाहुण्याला दारातून परत कसं पाठवणार? उठायचं, पेटी उघडायची, मोहोर दाखवायची, पुन्हा ठेवायची. धोंडशेट वैतागले. ती विकायला शहरात गेले, तर सगळ्या सराफांनी नुसत्या सोन्याचा भाव सांगितला. "एकटीला कोण विचारतो शेट? जास्त देणारा एकच, ज्याच्याकडे अकरा आहेत तो." केरबाला विकायची? त्यापेक्षा विहिरीत उडी मारली असती त्यांनी. मोडावी म्हटलं तर तीन वाटे तोटा, आणि सुंदराबाईचे हात रिकामे ते रिकामेच.

पुढच्या दिवाळीला लांबलांबच्या गावांहून माणसं आली. केरबाच्या घरून निघालेली रांग थेट धोंडशेटांच्या दारात. धोंडशेटांनी इतकी वर्षं जी गर्दी मागितली होती, ती अगदी तशीच्या तशी अंगणात उभी होती.

काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. तिनं मोहोर डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, कपाळाला लावली आणि धोंडशेटांच्या पाठीवरून हात फिरवला.

"केरबाची बारावी मोहोर तुमच्याकडे ठेवायला दिलीय होय? फार भल्या मनाचे दिसताय बाबा. दुसऱ्याचं सोनं घरात सांभाळायचं, आल्यागेल्याला दाखवायचं, सोपं नाही. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं."

धोंडशेटांनी तोंड उघडलं. 'माझी आहे, माझी!' असं ओरडून सांगावंसं त्यांना वाटलं. पण म्हातारीनं पुढे विचारलं असतं, 'मग कशी मिळाली?' आणि मागे सुंदराबाई उभी होती, रिकाम्या हातांची.

"हो, आजी," धोंडशेट म्हणाले. "बघून झाली असेल तर पुढे व्हा. मागे रांग आहे."

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: दुसऱ्याला मिळू नये म्हणून घेतलेली वस्तू, पैसे आपले गेले तरी, त्याचीच राहते.