बंबातला मनीप्लांट

"मग यातलं नक्की कुठलं घेऊ, महाराज?"

इंगोले सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मी मठाच्या ओट्यावर ज्वारी निवडत होतो आणि मला कळेना, की महाराज उत्तर का देत नाहीत.

दिगंबर इंगोले म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. तंत्रनिकेतनात तीस वर्षं बॉयलर शिकवलेला. निवृत्त झाल्यावर आमच्या डोंगरावर घर बांधलं, दरीच्या बाजूला अख्खी काचेची भिंत असलेलं. उष्णता म्हणजे काय ते मला चांगलं कळतं, असं ते आल्याआल्या दोनदा म्हणाले होते. असल्या माणसांचा मला भारी कंटाळा आहे. पण मठात आल्यागेल्याला पाणी द्यावंच लागतं, ते दिलं.

गोष्ट अशी होती. नव्वदीला टेकलेल्या वडिलांना, दौलतरावांना, सरांनी धाकट्या भावाशी भांडून अकोल्याहून वर आणलं होतं. पहिला हिवाळा बरा गेला. यंदा मात्र म्हातारा गारठला. खाणं कमी झालं, बोलणं तर बंदच झालं. आणि परवा त्यांनी पिशवी भरून ठेवली. मले अकोल्याले सोड, म्हणाले. शनिवारची गाडी ठरली होती.

"भावाला काय तोंड दाखवू?" सर म्हणाले.

मग खाली बघत…

"आणि महाराज, मला ते घरात हवे आहेत."

एवढं एक वाक्य मात्र मला पटलं.

म्हणून घर तापवायचं होतं. तेही परवडेल असं, धूर न करता, झाड न तोडता. सर दिवाळीपासून अभ्यास करत होते. विजेचा हीटर घ्यायला स्वस्त, पण बिल पाहून डोळे पांढरे व्हायचे. गॅसची शेगडी लगेच तापते, पण बंद खोलीत हवा खराब करते. लोखंडी चूल धुराड्यासकट मिळते, पण लाकूड फार खाते. उन्हात तापलेलं पाणी फरशीखालून फिरवायचं, तर सगळी फरशी उखडावी लागते. आणि एक यंत्र असं, की बाहेरच्या गार हवेतून ऊब ओढून आत आणतं. हे शेवटचं माझ्या डोक्यात शिरेना. गार हवेत ऊब असेलच कशी? सरांनी समजावून सांगितलं. त्यानंतर तर जे कळलं होतं तेही गेलं.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळी चांगली आहेत."

"मग कुठलं घेऊ?"

"थंडी कुणाला वाजते?"

"बाबांना. पण गणित चारही खोल्यांचं मांडावं लागतं, महाराज. भिंती, काच, छताची उंची…"

"गेल्या हिवाळ्यात काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"मग तेव्हा ते गारठले कसे नाहीत?"

यंदा थंडी जास्त असेल, सर म्हणाले. मग लगेच, नाही, यंदा कमीच आहे, असंही तेच म्हणाले, कारण रोजचं तापमान ते वहीत लिहून ठेवत. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कोडं पडलं. हातातली फाईल त्यांनी उघडली आणि परत मिटली.

महाराजांनी काठी घेतली. चल, घर दाखव, म्हणाले. मीही निघालो. ज्वारी काही पळून जात नव्हती.

घर झकास होतं, नाव ठेवायला जागा नाही. दौलतराव काचेच्या खोलीत होते. सगळ्यात चांगली खोली म्हणून लेकानं मानानं दिलेली. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायांवर रजई, समोर दरी. त्यांनी बसल्या जागेवरून महाराजांना हात जोडले. बोलले काही नाहीत. भरलेली पिशवी पलंगाजवळ होती.

दरी पाहायला लोक लांबून येतात. महाराजांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते मागे फिरून हॉलमध्ये आले आणि कोपऱ्यात थबकले.

तिथं बंब होता. आंघोळीचं पाणी तापवायचा, तांब्याचा, कमरेएवढा, मधोमध जाळाचं नळकांडं असलेला. चिंच लावून असा लखलखीत घासला होता, की त्यात तोंड पाहून घ्यावं. नळकांड्यात मनीप्लांटची बाटली खोचली होती.

सरांच्या पत्नी, कुंदाताई, कौतुकानं सांगू लागल्या. येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणे, कुठून मिळवला हा. गेल्या वर्षापर्यंत तो मागच्या अंगणात होता. मामंजी सगळ्यांच्या आधी उठून पेटवायचे, घरातलं पाणी त्यांच्याकडेच असायचं. यंदा गच्चीवर सोलर बसवला. म्हाताऱ्या माणसाला उगीच कशाला त्रास, म्हणून.

महाराजांनी मनीप्लांट काढून माझ्या हातात दिला. बंबाच्या पोटावर तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला…

मग ते काचेच्या खोलीच्या दारात गेले.

"दौलतराव, मला आंघोळ करायची आहे. पाणी तापवून द्याल?"

मी चक्रावलो. दुपारचे दोन वाजले होते. महाराजांनी सकाळीच विहिरीवर आंघोळ केलेली, पोहऱ्यानं पाणी मीच काढून दिलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं.

"गरम पाणी नळाला आहे, महाराज," सर म्हणाले.

"तू थांब," दौलतराव म्हणाले.

आणि रजई बाजूला झाली.

मनीप्लांटची बाटली काखेत धरून मी आणि सरांनी बंब उचलून मागच्या अंगणात नेला. दौलतराव पाटावर बसले. झाडाखाली पडलेल्या काटक्या त्यांनी सुनेकडून गोळा करवल्या. एकेक काटकी कानाजवळ धरून मोडायचे. कडकन मोडली की ठेवायचे, वाकली की फेकून द्यायचे. सर फाईल घेऊन मागे उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाबा, धूर होईल. म्हणून तर आपण…"

"धूर ओल्या लाकडाचा असते. म्या कधी ओलं लावलं काय?"

सुरुवातीला थोडा झाला, खोटं कशाला बोलू. तो त्यांनी दोन फुंकरींत घालवला. मग जाळ सरळ वर गेला आणि पाणी गुणगुणू लागलं. म्हाताऱ्याची कानटोपी निघाली. थोड्या वेळानं वरचा स्वेटर निघाला. कुंदाताई शेंगा घेऊन शेजारी टेकल्या. अकोल्याच्या घरी नऊ माणसं बादल्या घेऊन कशी रांगेत उभी राहायची, कोण मधे घुसायचं, कुणाला पाणी नेहमी कोमटच मिळायचं, हे दौलतराव तासभर सांगत होते. इतके दिवस न बोललेला माणूस थांबायचं नाव घेईना.

पाणी तापलं. त्यांनी बोट बुडवून पाहिलं आणि सुनेला म्हणाले, "माह्या पिशवीतला पंचा आण महाराजांसाठी."

त्या उठल्या.

"अन् बाकीचे कपडेही काढून ठेव. चुरगळते."

कुंदाताई आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. मला भरून आलं. मनीप्लांट अजून माझ्याच हातात होता आणि तो कुठं ठेवावा ते सुचत नव्हतं.

सरांचे डोळेही भरले होते. पण माणूस शेवटी बॉयलरचा. त्यांनी फाईल उघडली, पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या.

"ते सगळं खरं, महाराज. पण माझं ठरलं नाहीच… बाकीच्या तीन खोल्या कशानं तापवू?"

महाराजांनी पंचा खांद्यावर टाकला आणि बादली उचलली.

"खोल्यांना थंडी वाजायला लागली, की सांग."