रहाट चालूच आहे

गुरांच्या त्या राज्यातलं पाणी डोंगराच्या पोटात होतं आणि ते वर आणणारा रहाट एका वेळी एकालाच ओढता येई. दुसरा जुंपला गेला तर आस मोडे. म्हणून आत कोणी असेतो गुहेचं दार उघडायचं नाही, असा नियम होता. आतल्याचं काम चाललंय की थांबलंय, हे दाराच्या फटीला कान लावून ठरवत, आणि तो मान फक्त वडीलधाऱ्यांचा.

थोरला बैल वर्षभराचा कडबा घेऊन आत गेला होता. पुढं पाटातलं पाणी आटत गेलं, मग बंदच झालं. वडीलधारे म्हणाले, वय झालंय, सावकाश ओढतोय.

पवळी नावाच्या कालवडीच्या आईचं दूध आटलं. धाकट्या वासराला एका सकाळी उठताच येईना. पवळी म्हाताऱ्या रेड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, मला जुंपा. आत कोणी ओढत नाहीये."

"ते तू ठरवणार? आधी शिंगं तरी फुटू देत नीट."

"मग रहाटाची करकर का ऐकू येत नाही?"

"वंगण कुणी घातलंय? आम्ही!"

बाकीचे म्हातारे माना हलवून हसले. तरी पवळी हटेना, तेव्हा रेडा तिला घेऊन निघाला. चढ उभा होता. पावलोपावली थांबत तो दारापाशी पोचला तेव्हा त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. त्यानं फटीला कान लावला. पोकळ डोंगरातून धापांचा आवाज आला.

"ऐक, केवढा दमलाय बिचारा! आणि तुम्ही पोरं म्हणता, ओढत नाही."

पवळीनं ऐकलं. मग रेड्याकडे पाहिलं.

"आबा, जरा श्वास धरा."

"काय?"

"धरा हो!"

रेड्यानं श्वास धरला. डोंगर गप्प झाला. खालून वासराचं बारीक हंबरणं तेवढं येत होतं.

"ऐकलंत? कोणी नाहीये आत!" पवळीनं दाराला खांदा लावला.

रेड्याची मान थरथरली, डोळे बाहेर आले, आणि कोंडलेला सगळा श्वास एकदम सुटला. गुहा घुमली.

"थांब!" त्यानं तिला शिंगांनी बाजूला लोटलं. "घटकाभर टेकला होता तो. लागला बघ पुन्हा ओढायला!"

आणि कोणी दाराला खांदा लावू नये म्हणून तो स्वतःच तिथं आडवा बसला, धापा टाकत. आतून त्या धापा इतक्या मोठ्यानं येऊ लागल्या, की खालचं हंबरणं ऐकू येईनासं झालं.