शिंगाळाचे तिसरे पान

एका राज्यात डोंगराच्या कुशीत शिंगाळ झाडांची जुनी राई होती. लाकूड शिंगासारखे कठीण, म्हणून नाव शिंगाळ. राईखाली जटाळ मांत्रिकाचे धन पुरले आहे, असे राजा शूरकेतूच्या कानी आले आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने लिंबाजी माळ्याला राई तोडायला सांगितले. लिंबाजीने दोनदा हात जोडले. तिसऱ्यांदा गळ्याशी तलवार आली, तेव्हा त्याने कुऱ्हाड उचलली.

राजाच्या देखत शेवटचे झाड पडले. खाली हंडे निघाले, पण हंड्यांत नुसता पाचोळा. त्याच क्षणी लिंबाजीच्या पायाची बोटे लाकडाची झाली. हुकूम राजाचा आणि शाप माळ्याला! हा कुठला न्याय, ते शाप देणाऱ्यालाच ठाऊक.

बुंध्यातून जटाळ वर आला. लिंबाजीची बायको ठकू त्याची वाट अडवून उभी राहिली.

"उपाय सांगा."

"तीन कामे आहेत, माळणी. खरे बी ओळख. पेरलेले उकरू नकोस. उगवलेले उपटू नकोस. रोपाचे तिसरे पान न खुडता याच्या छातीला लागले, की हा सुटेल. लाकूड काळजापर्यंत चढले, तर मात्र मीही काही करू शकणार नाही. आणि राजा, तोवर तुझ्या कोठारातले सोनेही पाचोळा होऊन राहील."

एवढे बोलून त्याने राजाच्या खांद्यावर त्याचीच अधीरता बोलून दाखवणारा एक पोपट बसवला आणि तो नाहीसा झाला.

शिंगाळाचे बी शोधत ठकू सात डोंगर ओलांडून गेली. तिथे तीन झाडे उभी होती, लांबून एकसारखी. पहिल्याच्या पानाची कड बोटाला गुळगुळीत लागली. दुसऱ्याच्या पानाला दाते होते, पण खोड खांबासारखे गोल. तिसऱ्याच्या पानावर शिरा लुगड्याच्या निऱ्यांसारख्या सरळ, कडेला मोठे दाते आणि त्यांच्यावर बारीक दाते. खोड तर पहिलवानाच्या दंडासारखे पिळदार. प्रत्येक बी तीन बोटांसारख्या फाटलेल्या चिमुकल्या पानाला चिकटलेले. ठकूने तेच ओटीत घेतले.

घरी येऊन तिने ते दारातल्या वाफ्यात पेरले. हिवाळा गेला, वसंत आला, वाफ्यात काही हलले नाही. लाकूड लिंबाजीच्या गुडघ्यांवर चढले.

"बी मेले! उकरा!" पोपट ओरडला.

राजा फावडी घेऊन आला. ठकू वाफ्यासमोर बसली.

"आधी मला उकरा, महाराज. एवढ्या कठीण झाडाचे बी एका हिवाळ्यात जागे होणार नाही."

हे ती ठामपणे बोलली खरी, पण तिला तरी कुठे खात्री होती! कितीदा तिचे बोट मातीत शिरले होते आणि कितीदा तिने ते मागे घेतले होते. घरात नवरा इंचाइंचाने लाकूड होत होता. बी मेले असेल तर आपण त्याला बसल्या बसल्या मारतो आहोत, या विचाराने तिला घास गिळवत नव्हता.

"आणखी एक हिवाळा," राजा म्हणाला. "त्यानंतर वाफाही जाईल आणि तूही."

दुसरा हिवाळा सरला. लाकूड छातीला लागले. आणि एका सकाळी मातीतून एक कोंब वर आला. त्याला दोन पाने होती, जाड, गोल, गुळगुळीत कडेची.

ठकूने त्या कडेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवले.

"तण! उपटा!" पोपट किंचाळला.

राजा खाली वाकला. "शिंगाळाच्या पानाला तर दाते असतात. हे दुसरेच काही आहे."

ठकूने त्याचे मनगट धरले. राजाचे मनगट! शिपायांनी तलवारी उपसल्या.

"भोपळ्याची पहिली दोन पाने भोपळ्यासारखी असतात का, महाराज? ती बियाची पाने. झाडाची पाने पुढे येतात. थांबा."

राजा थांबला. एक दिवस गेला. दुसरा गेला. लिंबाजीचा श्वास करकरू लागला. तिसऱ्या दिवशी दोन पानांच्या मधून एक चिमुकले पान उलगडले. त्यावर निऱ्या होत्या. कडेला दाते होते आणि दात्यांवर दाते होते.

आता लिंबाजीला पानापाशी आणायचे होते. दहा शिपायांनी जोर लावला, तो तसूभर हलला नाही. ठकू राजाकडे वळली.

"कुऱ्हाड यांनी धरली, पण हुकूम तुमचा होता. खांदा लावा."

राजाने मुकुट काढून ओट्यावर ठेवला आणि एका बाजूने खांदा लावला. ठकूने दुसरीकडून लावला. ओझे एकदम हलके झाले. दोघांनी त्याला वाफ्यापर्यंत नेले आणि पालथा धरून अलगद खाली टेकवले. पान छातीला लागले.

लाकूड कडकडून तडकले आणि लिंबाजीने मोठा श्वास घेतला. डोळे उघडताच समोर चिखलात गुडघे टेकलेला राजा दिसला. जन्माच्या सवयीने त्याने हात जोडायला घेतले. राजाने ते अडवले आणि स्वतःचे जोडले.

ठकू हुंदके देत होती, तरी तिचे लक्ष वाफ्याकडे होते. "महाराज, पाय जरा तिकडे घ्या. रोपावर पडेल."

पोपट उडून गेला, कोठारात पुन्हा सोने झळकले आणि त्या रोपाच्या बियांतून, दर खेपेस दोन हिवाळे वाट बघून, नवी राई उभी राहिली. राजाने दवंडी पिटवली, की यापुढे राज्यात कुठलेही झाड तोडायचे झाले तर पहिला घाव राजाने स्वतःच्या हाताने घालावा.

त्यानंतर त्या राज्यात घाव फार थोडे पडले.