नवव्या बिळातला चेंडू

एका उजाड माळावर, करवंदीच्या जाळीखाली, एक मुंगूस बायको आणि तीन पिल्लांसह राहत असे. ही गोष्ट साहेबाच्या राज्यातली, मुलांनो. तेव्हा त्या माळावर गोरे साहेब गोल्फ खेळायला येत. काठीने पांढरा चेंडू मारायचा, त्याच्यामागे कोसभर चालायचे, तो एका भोकात घालायचा आणि घातला की पुन्हा बाहेर काढायचा! पोट भरलेले असले की असले खेळ सुचतात. उन्हाळा लागला, साहेब थंड हवेला गेले आणि गवतात विसरलेला एक चेंडू जनावरांच्या हाती लागला. भोके खणायची गरजच नव्हती. माळाच्या मधोमध एक टेकडी होती. तिच्याभोवती नऊ बिळे होती आणि नववे मुंगसाचे होते. नियम एकच. चेंडू ज्याच्या बिळात पडेल, त्याने तो लगेच बाहेर ढकलायचा. एवढा शेजारधर्म सगळे पाळत.

मुंगूस खेळात तरबेज होता आणि बढाया मारण्यात त्याहून तरबेज. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी नऊ बिळांचे बारा फेरे मारून दाखवीन!" कोल्हा टपूनच होता. "लाव पैज," तो म्हणाला. "जिंकलास तर माझी झऱ्याकाठची गुहा तुझी. हरलास तर तुझं बीळ माझं. पोरंबाळं घेऊन चालू लागायचं." मुंगसाने एकदा आपल्या बिळाकडे पाहिले. पण एवढ्या जणांसमोर शब्द गिळायचा कसा? त्याने पैज घेतली. घरी विचारलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खेळ सुरू झाला. फेरे मोजायला कावळा बसला. एक फेरा झाला की एक खडा. मुंगूस बोरीच्या वाकड्या काठीने चेंडू हाणायचा, मागे धावायचा, पुन्हा हाणायचा. ससा, साळिंदर, घोरपड आपापल्या बिळातून चेंडू बाहेर ढकलत. नवव्या बिळातून तो मुंगसाची बायको ढकलायची. चौथ्या फेऱ्याला ती म्हणाली, "अहो, घोटभर पाणी तरी प्या." "वेळ नाही," मुंगूस म्हणाला आणि निघाला.

आठव्या फेऱ्यापर्यंत त्याचे पंजे सोलवटले होते. चेंडू बाहेर आला आणि मागोमाग बायकोही आली. "अहो, जाळीपाशी नाग फिरतोय. मघापासून दोनदा दिसला. आता पुरे करा."

"वेडी आहेस का? आत्ता थांबलो तर बीळ जाईल. बिळासाठीच तर धावतोय मी!"

"बीळ गेलं तर दुसरं खणू. मी एकटी पिल्लांना बघू की नागाला बघू?"

मुंगसाला ते पटत होते, हे मी तुम्हाला खरेच सांगतो. साऱ्या माळावर नागाशी झुंजावे तर त्यानेच. पण टेकडीवर कोल्हा हसत बसला होता. "चारच फेरे राहिले," मुंगूस म्हणाला, आणि त्याने चेंडू हाणला.

अकराव्या फेऱ्याला चेंडू नवव्या बिळात गेला आणि बराच वेळ आला नाही. मग हळूहळू घरंगळत बाहेर आला. कुणा लहानग्याने ढकलावा तसा. बायको दारात दिसली नाही. "रुसली असेल," मुंगूस स्वतःशी म्हणाला. डोकावून पाहायला एक क्षण पुरला असता. तो क्षणही त्याने पैजेला दिला.

शेवटच्या फेऱ्यात त्याला धड उभे राहवत नव्हते. सूर्य टेकडीला टेकला असताना त्याने एकशे आठव्यांदा चेंडू बिळात घातला. कावळ्याने बारावा खडा टाकला. "जिंकला! मुंगूस जिंकला!" सगळी जनावरे ओरडली. कोल्ह्याने मान खाली घातली. "गुहा तुझी," तो म्हणाला. "आणि तुझं बीळही तुझंच राहिलं."

मुंगूस बिळाच्या तोंडाशी उभा होता. "अगं, चेंडू दे," त्याने हाक मारली. "झालं सगळं. आता मी पाणी पितो." आतून काहीच आले नाही. मग तो आत शिरला. मेलेल्या नागाची मान बायकोच्या दातांत होती आणि तीही थंड पडली होती. तिच्यामागे तिन्ही पिल्ले निपचित होती. सर्वांत धाकट्याचा पंजा चेंडूवर होता. बाहेर ढकलायचा राहून गेला होता.

झऱ्याकाठच्या गुहेत मुंगूस कधीच राहायला गेला नाही. करवंदीची जाळीही त्याने सोडली नाही. तो दारात बसून असे. कुणी हाक मारली तर म्हणे, "थांब, चेंडू येऊ दे."

तात्पर्य : ज्यांच्यासाठी घर राखायचे, त्यांनाच एकटे सोडून जिंकलेली पैज हरल्याहून वाईट.