जोखमीचा डबा

सटवाजी कानवैद्याने माझे दोन्ही कान ठार बहिरे केले, अशी फिर्याद घेऊन नागोशेट भर दरबारात उभा राहिला!

आता, गावातल्या अकरा कानवैद्यांचा मिळून एक जोखमीचा डबा होता. काम नाजूक! हात चुकून कुणाच्या कानाला इजा झालीच, तर भरपाई कुठून द्यायची? म्हणून दर पाडव्याला प्रत्येक जण डब्यात एक मोहोर टाकी. अट एकच. ज्याच्यामुळे डबा उघडेल, त्याने आपली कानकोरणी मोडायची आणि पुन्हा कुणाच्या कानाला हात लावायचा नाही. वीस वर्षांत डबा उघडला नव्हता. नागोशेटच्या तोंडाला पाणी सुटलं ते त्यामुळेच!

"शेटजी, काहीच ऐकू येत नाही?" राजाने विचारलं.

"काय?"

शिपायाने मागून परात आपटली. शेट हलला नाही. "शेटजी, तुमची म्हैस सुटली!" कुणीतरी ओरडलं. शेट ढिम्म! लबाड तयारीनेच आला होता.

राजाही हट्टी. म्हणाला, "सटवाजी, दिवस मावळायच्या आत याला ऐकू येतं हे दाखव. पण याला काही विचारायचं नाही आणि अंगाला हात लावायचा नाही! नाहीतर डबा याचा, आणि तुझी कोरणी इथेच मोडायची."

"महाराज, दुसऱ्याच्या कानात काय शिरतं ते मी कसं दाखवू?" सटवाजी रडकुंडीला आला. आजोबांच्या हातची ती कोरणी त्याने मुठीत गच्च धरली. ते पाहून त्याच्या लेकीला, राहीला, राग आला, असा की बस्स! ती पुढे झाली.

"महाराज, मी दाखवते. शेटजींनी आपली फिर्याद वाचावी, एवढंच."

कारकुनाने शेटच्या हाती कागद देऊन वाचायची खूण केली. शेट दुःखी, बारीक आवाजात वाचू लागला. राहीने दारातल्या नगारेवाल्याकडे पाहून हात हलवला.

धडाड धूम! धडाड धूम!

शेटचा आवाज चढला. नगारा वाढला, तसा शेट आणखी चढला. मानेच्या शिरा फुगल्या! राहीने हात खाली केला. नगारा थांबला, आणि गप्प दरबारात शेटची आरोळी घुमली, "मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो!"

पुढचा शब्द मात्र पुन्हा बारीक आवाजात.

"हा काय प्रकार?" राजा म्हणाला.

"महाराज, आमचं दुकान तांबट आळीत. हातोडे सुरू झाले की ऐकू येणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो, त्याचं त्यालाही कळत नाही. बहिरा बिचारा आपल्याच सुरात बोलत राहतो. शेटजींना ऐकू येत नाही, तर मग आत्ता नगाऱ्याशी भांडत कोण होतं?"

राजा पोट धरधरून हसला. "आता बोला, शेटजी!"

"काय?" शेट सवयीने म्हणाला, आणि सगळा दरबार खो खो हसत सुटला.

राजाने शेटच्या बोटातली अंगठी काढून डब्यात टाकायला लावली. राहीला सोन्याच्या पाटल्या दिल्या. मग सिंहासनावरूनच मान कलती करून म्हणाला, "सटवाजी, काढ ती कोरणी. महिनाभर डावा कान खाजतोय. डबा भरलेला आहे ना?"