गोजराबाईचे डूल आणि गुमानराजांचे कान

गुमानराजांच्या कानांतल्या डुलांवरून पुन्हा बिनसलं आणि तिसऱ्या सोनारालाही राज्याबाहेरचा रस्ता दाखवण्यात आला!

खरी गोष्ट सगळ्या राजवाड्याला आणि बाजारालाही ठाऊक होती. महाराजांचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. पहिल्या सोनाराने हे तोंडावर सांगितलं, त्याला हाकललं. दुसऱ्याने सांगितलं नाही. डूल वर-खाली लोंबले, त्यालाही हाकललं. तिसऱ्याने हुशारी केली, एक डूल मुद्दाम लांब केला. तो तराजूत सापडला!

महाराजांच्या उजव्या हाताला बसणारे दिवाण रुद्राजीपंत लगेच वाकून कुजबुजले, "हातकामाचा माल असाच, महाराज! बाजारातली ही बारकी दुकानं बंदच करावीत. माझ्या जावयाची मोठी पेढी आहे की! साच्यातून काढतो, सगळं एकसारखं."

"मग डूल त्यालाच करायला सांगा."

"तो... तो फक्त गळ्यातलं करतो, महाराज. कानाच्या भानगडीत पडत नाही."

झालं! दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. आठ दिवसांत कुणीतरी हाताने डूल करावेत. वजनाला सारखे, लांबीला सारखे आणि महाराजांच्या कानांत एका रेषेत! नाहीतर नवव्या दिवशी हातकाम करणाऱ्या सगळ्यांनी दुकानं उचलावीत!

देवळाच्या बोळात गोजराबाई पटवेकरीण आपल्या ओटीवर बसून दागिने गाठवायची. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवायचं, त्यात मोती ओवायचे, गाठ मारायची, पुन्हा ओवायचे. बावीस वर्षं तिचा हाच धंदा. गिऱ्हाइकं येत, मण्यांची माळ उलटीपालटी करून बघत आणि म्हणत, "एवढीशी गाठ! ही तर मीसुद्धा घरी मारीन!"

"मारा की! सुटली की घेऊन या, मी बसलेलीच आहे," गोजराबाई हसून म्हणायची. आणि आठवड्याभरात गिऱ्हाईक सुट्टे मणी पदरात बांधून परत यायचं.

दवंडी ऐकून मात्र तिचं हसू मावळलं. शेजारचा बांगड्या करणारा मणेर तर रडायलाच लागला. "गोजराबाई, आता पोरांना काय खायला घालू?"

तिने पेटीतलं लाल रेशीम काढलं आणि अंगठ्याला अडकवलं.

आठव्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. तळहातावर लाल रेशमात गाठवलेले मोत्यांचे दोन डूल.

"तोला!" दिवाण गरजले.

तोलले. काटा जरासुद्धा हलला नाही. दोऱ्याने मोजले. लांबी तंतोतंत! महाराजांनी डूल कानांत घातले, आरशात पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. उजवा खाली, डावा वर!

"हाकला हिला!" दिवाण आनंदाने ओरडले.

"थांबा, महाराज!" गोजराबाई म्हणाली. "माल खोटा असेल तर कुणाच्याही कानांत खोटाच दिसेल. एकदा दिवाणजींच्या कानांत घालून बघा."

महाराज हट्टी खरे, पण दिवाणांच्या कानांत डूल कसे दिसतात हे बघण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. डूल चढवले गेले. एका रेषेत! जसे काही ओळंबा लावून टांगलेले!

"दिवाणजी, डुलांत काही दोष?" गोजराबाईने विचारलं.

"डुलांत तर नाही. म्हणजे दोष..." आणि दिवाणांनी जीभ चावली.

"कुणाचा, पंत?" महाराजांनी डोळे बारीक केले. "बोला!"

सगळा दरबार आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागला.

महाराज गोजराबाईकडे वळले. "म्हणजे बाई, माझे कान वाकडे?"

"छे! असं कोण म्हणतं? कान अगदी सरळ आहेत, महाराज," ती शांतपणे म्हणाली. "पण एक भरलाय आणि एक रिकामा आहे!"

"म्हणजे?"

"दिवाणजी सकाळ-संध्याकाळ उजवा कान भरतात. भरलेली वस्तू जड होते, जड झाली की खाली येते. डाव्या बाजूला कुणाला बोलूच देत नाहीत. तो बिचारा हलका होऊन वर गेलाय!"

महाराजांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलले, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले की मुकुट सांभाळायला सेवकाला धावावं लागलं!

"वा! आणि यावर औषध?"

"दिवाणजींना डावीकडे बसवून बघा. कान सारखे व्हायला वेळ लागेल म्हणून मी सोय केलीय." तिने दिवाणांच्या कानांतले डूल काढून महाराजांच्या कानांत घातले आणि उजव्या डुलाचं रेशीम कानामागून हळूच ओढलं. सरकगाठ वर गेली, डूलही बोटभर वर गेला आणि मागे उरलेलं रेशीम तिने मुकुटाखाली खोचलं. "वजन तेच, लांबी तीच. साच्यातल्या दागिन्याला गाठ नसते, महाराज!"

आरशात दोन्ही डूल एका रेषेत! महाराज कितीतरी वेळ स्वतःला न्याहाळत राहिले.

"दवंडी रद्द! बाजार आहे तिथेच राहील!" असं म्हणून त्यांनी गळ्यातला जाडजूड कंठा काढून तिच्या हातात दिला.

गोजराबाईने कंठा उलटून पाहिला. "हा दिवाणजींच्या जावयाच्या पेढीतला दिसतो."

"ओळखलास?"

"न ओळखून कसं चालेल? महिन्याला दहा तरी तुटून माझ्याकडे येतात!"

महाराज पुन्हा हसले. "अजून काही माग, बाई!"

"ओटीवर एक पाटी लावायची परवानगी हवी."

"काय लिहिणार?"

"'राजाच्या कानाला लागलेली पटवेकरीण'!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी हुकूम दिला, "पाटी सरकारी खर्चाने करा! अक्षरं सोन्याची! आणि पंत, ती टांगायला तुम्ही स्वतः जा... सरळ टांगा हं!"